डोंगर वर ओढतो

"सोलापुरात डोंगर कुठायत बे?"

डोंगराळ भागात गुरुत्वाकर्षण मोजायच्या कामावर चाललोय म्हटल्यावर मित्रानं पहिला प्रश्न हाच टाकला. त्याचं चूक नव्हतं. आमच्या शहरात चढ म्हणजे रेल्वेचा पूल. नान्नज, वडाळा, वैराग करत बार्शी गाठेपर्यंत गाडीचा गिअर बदलायची फारशी वेळ येत नाही. पण बार्शी सोडून पांगरीच्या पुढं गेलं की समोर बालाघाटाची कड उभी राहते, रस्ता वळणं घेत येडशीकडं चढायला लागतो आणि आपला जिल्हा त्या चढातच कुठंतरी मागं पडतो. सह्याद्री बघितलेल्या माणसाला हे डोंगर म्हणजे टेकाडं वाटतील. मलाही तसंच वाटायचं. अकरा दिवस या कामावर काढल्यावर आता त्यांना टेकाड म्हणायची हिंमत होत नाही.

माझा धंदा खाजगी मोजणीचा. एनए लेआउट, प्लॉटच्या हद्दी, शेततळ्याची खोदाई, कधी एखाद्या साखर कारखान्याचं लेव्हलिंग. कोन-अंतर मोजणारं टोटल स्टेशन आणि उपग्रहावरून जागा-उंची काढणारं डीजीपीएस स्वतःचं आहे, उंचीतला फरक वाचायची दुर्बीण, म्हणजे ऑटो लेव्हल, वडिलांच्या काळातली. बाहेरगावच्या एका संशोधन पथकाला कुर्डुवाडीपासून येडशीपर्यंत, साधारण साठ-पासष्ट किलोमीटरच्या रेषेवर गुरुत्वाचं मोजमाप करायचं होतं आणि उंची काढणारा त्यांचा माणूस ऐन वेळी फिरला. कुणीतरी माझा नंबर दिला. पथकाच्या सरांनी फोनवर एकच गोष्ट विचारली.

"उंची किती अचूक देता?"

"उघड्या माळावर दोन-तीन सेंटिमीटर."

"आणि कड्याखाली?"

मी गप्प बसलो. ते म्हणाले, "ठीक आहे, मग कड्याखाली लेव्हल घेऊन चालायची तयारी ठेवा." माझी अट एवढीच होती की संक्रांतीच्या आत सोलापुरात परत आणून सोडायचं. सिद्धेश्वर यात्रेतला गड्डा आणि काठ्यांची मिरवणूक चुकवून मी कुठल्याच कामावर थांबत नाही. जानेवारीच्या दोन तारखेला निघालो.

तेव्हा माझा समज असा की गुरुत्व मोजायला आलेत म्हणजे सगळी करामत त्यांच्या यंत्राची. आपण आपले आकडे द्यायचे आणि सावलीत बसायचं.

कुर्डुवाडीच का, हे मला पहिल्या दिवशी कळलं. आमच्यासाठी कुर्डुवाडी म्हणजे जंक्शन, गाडी बदलायची जागा. भूभौतिकीवाल्यांसाठी ते नाव वेगळ्याच कारणानं ओळखीचं आहे. १९७३ साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या दोन शास्त्रज्ञांनी गुरुत्वाच्या आकड्यांवरून असं मांडलं की दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत, एक कोयनेची आणि एक कुर्डुवाडीची. वरून काही दिसत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा येऊन सगळं लिंपून गेला. पण खाली हलका खडक भरलेला असेल तर तिथं पृथ्वीची ओढ किंचित कमी पडते, आणि ती घट मोजता येते. हे सगळ्यांनी जसंच्या तसं स्वीकारलं असं नाही. पण १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या पठाराच्या पोटात काय आहे हा प्रश्न काही नुसता पुस्तकी राहिला नाही. किल्लारीला भोक पाडून बघितलं तेव्हा काळा दगड ३३८ मीटरवर संपला होता. तो भूकंप झाला त्या पहाटे मी शाळकरी पोरगा होतो, सोलापुरात आम्ही सगळे अंगणात येऊन उभे होतो. त्यामुळं कामाचा हेतू ऐकल्यावर दर कमी करून मागितला तेव्हा मी फार ताणलं नाही.

आता यंत्र. लाकोस्ट-रोमबर्गचं जुनं गुरुत्वमापी. दिसायला काळपट धातूची चौकोनी पेटी, डबा म्हणा हवं तर, वर दोन पाणसळीचे बुडबुडे, एक भिंगाची नळी आणि एक फिरवायची तबकडी. लाकोस्ट हा टेक्सासमधला विद्यार्थी, रोमबर्ग त्याचे प्राध्यापक. १९३० च्या दशकात त्यांनी जी स्प्रिंगची युक्ती काढली तीच अजून आत आहे. आडव्या दांडीच्या टोकाला वजन, ते तोलून धरणारी तिरपी स्प्रिंग. आतलं तापमान कायम पन्नास अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, म्हणून बॅटरी रात्रंदिवस जोडलेली. सर म्हणाले, "हा वजनकाटाच आहे. फक्त वजन तेच राहतं, पृथ्वीची ओढ बदलते."

रीडिंग घेताना मी पहिल्यांदा अगदी जवळ बसून बघितलं. जमिनीवर ॲल्युमिनियमची खोलगट थाळी दाबून बसवायची, तिच्यावर पेटी अलगद ठेवून फिरवत-फिरवत दोन्ही बुडबुडे मधे आणायचे. मग आतली दांडी बांधून ठेवणारा स्क्रू सोडायचा. नळीत डोळा लावला की उजळलेल्या पट्टीवर केसाएवढी काळी रेघ दिसते, जिवंत असल्यासारखी थरथरत असते. तबकडी फिरवून ती रेघ ठरलेल्या खुणेवर आणायची, आणि ती नेहमी एकाच बाजूनं आणायची. पुढं गेली तर मागं ओढून भागत नाही, पुन्हा लांब नेऊन त्याच बाजूनं यायचं, नाहीतर आतल्या चाकांच्या दातांच्या खेळामुळं आकडा खोटा. पथकातली संशोधन करणारी मॅडम हे काम करायची. श्वास रोखायची. आम्हाला सगळ्यांना दहा पावलं लांब उभं करायची आणि कुणी पाय हलवला तर डोळा न काढता सांगायची, "मामा, तुम्ही." ड्रायव्हरमामांना शेवटपर्यंत कळलं नाही की हिला कसं कळतं. मी एकदा नळीतून बघत असताना मामा चालले, तेव्हा रेघच नाचली.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पृथ्वीची ओढ मोजायचं एकक गॅल, गॅलिलिओच्या नावावरून. आपल्याकडं ती ओढ साधारण ९७८ गॅल. एका गॅलचा हजारावा भाग म्हणजे मिलिगॅल, आणि हे यंत्र मिलिगॅलचा शंभरावा भाग दाखवतं. म्हणजे दहा कोटीत एक. बार्शीच्या अडतीत हजार क्विंटल ज्वारी रचलीय आणि त्यातून कुणी एक ग्रॅम काढून नेली, तर ती चोरी पकडणारा हा काटा.

इथपर्यंत सगळं यंत्राचं कौतुक. पुढं माझी मान अडकली.

एक मीटर वर चढलं की पृथ्वीच्या मध्यापासून लांब गेल्यामुळं ओढ ०.३०८६ मिलिगॅलनं घटते. पण वर चढताना पायाखाली एक मीटर जादा दगडही येतो, तो आपल्या परीनं ओढतो. आमच्या काळ्या दगडाची घनता २.८ धरली तर तो ०.११७ परत देतो. वजा जाता मीटरमागं सुमारे ०.१९ मिलिगॅल. आता उलटं करा: पाच सेंटिमीटरची चूक म्हणजे जवळपास ०.०१ मिलिगॅल. ज्या यंत्राला श्वास रोखून जपायचं त्याची सगळी अचूकता मी पाच सेंटिमीटरात मातीत घालू शकत होतो. घाटात शंभर मीटर चढलं की आकडा एकोणीस-वीस मिलिगॅलनं बदलणार आणि ज्या गाडलेल्या दरीचा माग काढायचा तिची खूण त्या मानानं चिमूटभर. त्यामुळं उंची गेली की सगळं गेलं.

आणि उंची म्हणजे तरी कुठली? डीजीपीएस लावला की जी उंची येते ती पृथ्वीसाठी गणितानं आखलेल्या एका अंडगोलापासूनची. समुद्रसपाटीची नव्हे. आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरहून अधिक फरक आहे. उपग्रहाला विचाराल तर सोलापूर नकाशातल्यापेक्षा तेवढं खोल दिसतं. हे मला धंद्यातून माहीत होतं, सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल टाकली की ते सरळ होतं, एवढंच. का, ते कधी विचारलं नव्हतं. सर म्हणाले, कारण तेच जे आपण मोजायला आलोय. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला ओढ इतकी कमी आहे की तिथं समुद्राची पातळी अंडगोलाच्या १०६ मीटर खाली बसलेली आहे, जगातला सगळ्यात खोल खळगा. त्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. वीस वर्षं मी ती फाइल टाकतोय.

सपाटीवरचे चार दिवस पटापट गेले. कुर्डुवाडी ते बार्शी दर किलोमीटरला एक ठिकाण. ही रेषा जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या जवळून जाते, ती छोटी गाडी १८९७ साली सुरू झालेली. माझ्या आजीनं तिच्यातून पंढरपूर केलेलं. एका देवळाच्या ओट्यावर जीटीएसची खूण सापडली, दगडात कोरलेली अक्षरं, वर चुन्याचे थर. ब्रिटिशांच्या काळातली सर्वेक्षणाची बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून ठेवलेली खूण. मी चुना खरवडून काढला तेव्हा पुजारीबुवा धावत आले, त्यांना वाटलं गुप्तधन. त्या खुणेची उंची आणि माझी उंची जुळली तेव्हा मी मामांना चहा पाजला.

दिवसाची शिस्त मात्र कडक. मुख्य बेस, म्हणजे परत येऊन आकडा ताडून बघायची जागा, सोलापुरात माझ्याच ऑफिसच्या ओट्यावर घेतला होता आणि रोजचा बेस बार्शीतल्या लॉजच्या मागच्या पायरीवर. सकाळी तिथं रीडिंग, मग बाहेर, दुपारी शक्य झालं तर पुन्हा, आणि संध्याकाळी परत. कारण स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैलावते, आणि चंद्रसूर्य आपल्या पायाखालची जमीनसुद्धा ओढत असतात. समुद्राला भरती येते तशी इथंही, दिवसभरात ०.३ मिलिगॅलपर्यंत फरक पडू शकतो, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त. अमावस्येला माणूस जड होतो असं आमची आई म्हणते. ते मी मॅडमना सांगितलं नाही.

त्यात एका रात्री लॉजची लाइट गेली, चार्जर बंद पडला आणि जोडलेली बॅटरी पहाटेपर्यंत बसली. पेटी गार. तिला पुन्हा तापवून स्थिर व्हायला दीड दिवस गेला. लॉजवाला म्हणाला, "इन्व्हर्टर आहे की, पण तो फक्त काउंटरला."

मग घाट.

पांगरीच्या पुढं दर अर्ध्या किलोमीटरला ठिकाण ठरलं होतं. कड्याच्या पोटाशी गेलं की अर्धं आकाश झाकतं, उपग्रह मिळतात ते एकाच बाजूचे आणि दगडावरून उसळून आलेला सिग्नल रिसीव्हरला गंडवतो. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं आणि उंची पंधरा सेंटिमीटर खोटी असते. म्हणून वडिलांची ऑटो लेव्हल बाहेर काढली. चढात स्टाफ, म्हणजे उभी धरायची मोजपट्टी, चार मीटरचा असला तरी उपयोग काय, वीस-पंचवीस मीटरवर लेव्हल उचलावी लागते. मागची पट्टी वाचायची, मग पुढची. बॅकसाइट, फोरसाइट, पुढं. बॅकसाइट, फोरसाइट, पुढं. स्टाफ धरणारा पोरगा वैरागचा, बारावी झालेला. दुपारी कडेवरून वारं सुटलं की त्याच्या हातातली स्टाफ डुलायची आणि तो ओरडायचा, "सायेब, लवकर वाचा की." दोन दिवसांत आम्ही घाटाची चढण जाऊन-येऊन केली. क्लोजर, म्हणजे परत मूळ जागी आल्यावर उरलेला फरक, अकरा मिलिमीटर. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या कामात माझ्याकडून झालेली ही एवढी एकच गोष्ट निर्दोष आहे.

तिपाई दिसली की माणसं जमायची. सुरत-चेन्नई महामार्गाच्या मोजणीनं बार्शी तालुक्यातल्या लोकांचे कान आधीच टवकारलेले. "रस्ता जातोय का आमच्या रानातनं?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं तर, "मग पाणी बघताय व्हय? बघा की हिकडं एक पॉइंट." गुरुत्वाकर्षण मोजतोय हे उत्तर मी एकदाच दिलं. ते म्हातारबाबा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "ते तर सगळीकडं सारखंच असतंय की." मी म्हणालो, तेच बघायला आलोय. मग त्यांनी हुरडा खाऊ घातला.

घाटातल्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी बेसला आलो आणि आकडा जुळेना. ०.४ मिलिगॅलचा फरक. चंद्र, सूर्य, स्प्रिंगचं सैलावणं, सगळं वजा करूनही. मॅडमचा चेहरा उतरला. सरांनी विचारलं, "आज कुठं दणका बसला होता?" कुणालाच आठवेना. मग मामा हळूच म्हणाले, "तो उसाचा ट्रॅक्टर." जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. दोन ट्रॉल्या लावलेला, गाणी वाजवत आलेला एक ट्रॅक्टर वळणावर अंगावर आला आणि मामांनी करकचून ब्रेक मारला होता. पेटी सीटवर पट्ट्यानं बांधलेली होती, पडली नाही, पण आतल्या स्प्रिंगला झटका बसला आणि तिथून पुढचे सगळे आकडे एका पायरीनं सरकले. याला ते लोक टेअर म्हणतात. पायरी नेमकी कुठं आहे हे माहीत असेल तर हिशेब लावता येतो, पण मामांच्या आठवणीवर शास्त्र चालत नाही. दुसऱ्या दिवशी नऊ ठिकाणं पुन्हा. त्यानंतर मॅडम पेटी मांडीवर घेऊन बसायला लागल्या, बाळंतीण घरी आणतात तशा वेगानं मामा गाडी चालवायला लागले.

आकड्यांना लावायच्या दुरुस्त्यांपैकी जी एक दुरुस्ती डोंगरातच लागते, सपाटीवर जवळजवळ विसरून चालते, तिच्यावरून माझं आणि मॅडमचं भांडण झालं. भांडण म्हणजे काय, मी हरलो.

जेवायला कड्याखालच्या एका बाभळीशी बसलो होतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. मॅडमनी मला एक छापील कागद दिला. मध्ये यंत्राचं ठिकाण, भोवती कडी. पहिलं कडं २ ते १६.६ मीटर, त्याचे चार भाग. दुसरं ५३.३ मीटरपर्यंत, सहा भाग. तिसरं १७० मीटरपर्यंत, सहा भाग. हॅमर नावाच्या माणसानं १९३९ साली आखून दिलेली ही कडी. प्रत्येक भागातली जमीन आपल्यापेक्षा सरासरी किती वर किंवा खाली, तेवढं लिहायचं. सोळा रकाने.

मी विचारलं, "वर असेल तर अधिक आणि खाली असेल तर उणे लिहायचं ना?"

"चिन्ह नकोच. फक्त फरक लिहा."

"असं कसं? शेजारी डोंगर असला तर तो ओढणार, रीडिंग वाढणार. खड्डा असला तर कमी होणार. एक भराव आहे, एक खोदाई."

"दादा, डोंगर ओढतो, पण कुठल्या दिशेला?"

"डोंगराच्या दिशेला."

"आणि तो डोंगर यंत्राच्या वर आहे की खाली?"

मी मान वर केली. चाळीसेक मीटरचा काळा कडा डोक्यावर उभा. तो यंत्रातल्या वजनाला आडवा ओढतोच, पण थोडा वरही ओढतो. म्हणजे पृथ्वीच्या विरुद्ध. रीडिंग कमीच होणार.

"बरं, हे पटलं. पण दरी?"

"मघाशी उंचीच्या हिशेबात तुमच्या पायाखाली सगळीकडं पसरलेला सपाट दगडाचा थर धरला होता ना? ०.११७ वाला? दरीच्या जागी तो दगड नाहीच. जो नाही त्याची ओढ आपण आधीच वजा करून बसलोय."

म्हणजे डोंगर असो की दरी, दुरुस्ती अधिकच. माझ्या सगळ्या आयुष्यात कटिंग आणि फिलिंग एकमेकांना खाऊन टाकतात. त्यावर ठेकेदाराचं बिल ठरतं. इथं दोन्ही एकाच खात्यात जमा. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. कड्याच्या काठावर उभं राहिलं तर एका अंगाला चढ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दोन्ही मिळून यंत्राला हलकं करतात.

"हे सगळं उपग्रहाच्या उंचीनकाशावरून काढता येत नाही का?" मी सुटका शोधत विचारलं. लांबचं येतं, त्या म्हणाल्या. पण त्या नकाशाचा एक ठिपका तीस मीटरचा. उभा कडा त्याला दिसतच नाही, तो त्याचा उतार करून टाकतो. आणि जवळचंच सगळ्यात जास्त बोलतं. म्हणून सोळा रकाने माणसानंच भरायचे.

त्या रात्री लॉजवर सरांनी ओळंब्याची गोष्ट सांगितली. ओळंबा म्हणजे आमच्या धंद्यातलं दैवत, तो खोटं बोलत नाही अशी आमची समजूत. बूगेर नावाच्या फ्रेंच माणसानं १७३८ साली दक्षिण अमेरिकेत चिंबोराझो पर्वताजवळ ओळंबा टांगून बघितला, पर्वत त्याला बाजूला ओढतो का ते. ओढत होता, पण हिशेबापेक्षा खूपच कमी. मग आपल्याकडं तेच झालं. जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि हिमालयाच्या जवळचं कलियाना, यांच्यातलं अंतर साखळीनं-कोनानं एक येई आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा. कलकत्त्याचे धर्मगुरू प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाच्या वस्तुमानावरून हिशेब केला, तर फरक १५.८८५ सेकंदांचा यायला हवा होता. हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत नव्हता. एअरी नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं, वरच्या डोंगराला खाली हलक्या खडकाचं मूळ असतं, पाण्यात तरंगणाऱ्या लाकडासारखं. आणखी एक इंग्रज होता, कॅप्टन बसेवी. भारतभर लंबक घेऊन गुरुत्व मोजत फिरला आणि १८७१ साली लडाखच्या पठारावर तेच काम करताना मेला. आमच्या चार मीटरच्या स्टाफबद्दल त्या रात्री मी कुरकुर केली नाही.

आता माझी चूक सांगतो.

सत्तेचाळीस नंबरचं ठिकाण घाटाच्या पायथ्याला, एका मळ्यात. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला नांगरलेलं रान, थाळी कुठंच नीट बसेना. नांगरट मऊ, पेटी कलायची. मी हुशारी केली. पंपाच्या खोलीबाहेर सिमेंटचा पक्का कट्टा होता, सपाट, घट्ट. मी म्हणालो, इथं घ्या. रीडिंग छान स्थिर आलं, मॅडमनी कौतुक केलं. मी उंची घेतली, सोळा रकाने भरले. डोंगराचा उतार लिहिला, ओढ्याचा खळगा लिहिला.

कट्ट्याच्या पलीकडं विहीर होती. पंपाची खोली म्हटल्यावर विहीर असणारच. पण ती माझ्या डोळ्यांना जमिनीचा भागच वाटली नाही. विहीर म्हणजे विहीर.

दोन दिवसांनी रेषेचा आलेख काढला तेव्हा सत्तेचाळीसवर एक दात खाली गेलेला. शेजारची ठिकाणं ओळीत, हेच एक ०.१ नं खाली. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी लेव्हलची वही पुढं केली. उंची अर्धा मीटर चुकली असती तरच एवढा फरक आला असता, आणि क्लोजर अकरा मिलिमीटर होतं. स्टाफवाला पोरगा मागून म्हणाला, "ती हिरीजवळची जागा काय?"

पुन्हा गेलो. टेप टाकला. विहीर आठ मीटर रुंद, पंधरा मीटर खोल, तिच्या मध्यापासून थाळीची जागा सहा मीटरवर. मॅडमनी तिथंच मोबाइलवर हिशेब केला. तेवढा दगड तिथून काढून नेलाय त्याची ओढ ०.१ मिलिगॅलच्या आसपास. आलेखातला दात आणि विहीर एकमेकांत बसले. पिढ्यान् पिढ्या सुरुंग लावून, डोक्यावर पाट्या वाहून ज्यांनी ती खोदली, त्यांचे कष्ट त्या पेटीनं मोजले होते. आणि मी, मोजणीवाला, शेजारी उभा राहून बघितले नव्हते. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त कागदावर माझ्या सोळा रकान्यांच्या खाली सतरावा रकाना आखला आणि लिहिलं, विहीर.

त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी आधी गोल चक्कर मारायला लागलो. शेततळं, खाण, रस्त्याची खोदाई, ओढ्यावरचा बंधारा, एका ठिकाणी तर ऊस तोडणाऱ्यांच्या टोळीनं खणलेला चर. सगळं लिहिलं. एकसष्ट ठिकाणं झाली. बाराला संध्याकाळी सोलापुरात माझ्या ओट्यावर शेवटचं रीडिंग घेतलं, पहिल्याशी ०.०३ मध्ये जुळलं. सर जेवायला थांबले. दुसऱ्या दिवशी मी काठ्यांच्या गर्दीत होतो आणि पेटी रेल्वेनं कुणाच्या तरी मांडीवर निघालेली होती.

एप्रिलच्या शेवटी मॅडमचा फोन आला. पैसे जमा झाले का, वगैरे विचारलं. मग म्हणाल्या, "दादा, सत्तेचाळीस नंबरच्या विहिरीत तेव्हा पाणी किती होतं?"

मी म्हणालो, "पाण्यानं काय फरक पडतो?"

"दगडाच्या जागी हवा असणं वेगळं आणि पाणी असणं वेगळं. सहा मीटर खोलीवर पाणी होतं असं धरलं तर ०.०२ चा फरक येतो."

०.०२. मी वही उघडली. रुंदी होती, खोली होती, अंतर होतं. पाणी लिहिलेलं नव्हतं. पण त्या मळेवाल्याचा नंबर मागच्या पानावर होता, त्याला बांधाची मोजणी करून हवी होती म्हणून घेतलेला. लावला.

"जानेवारीतलं इचारताय व्हय?" तो म्हणाला. "तवा मोटर दोन तास चालायची बघा. आता या की, खाली उतरून उभं ऱ्हावा, टाच बी भिजायची न्हाई."

मी मॅडमना कळवलं: दोन तास.

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "मोटर किती एचपीची?"